चौथा टर्बो

तिसरा टर्बो गेला त्या दिवशी मी माझ्या फिटरला गॅरेजातून घालवून दिलं. बावीस वर्षं तो माझ्यासोबत होता. मालेगावात, म्हणजे नाशिककडच्या नव्हे, आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात मी गॅरेज काढलं तेव्हा अकोला रोडला टिनाचं एक शेड होतं आणि त्यात एक जॅक, मी आणि तो. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला भाऊ. शुक्रवारी दुपारी तो नमाजाला जायचा तेव्हा शेड मी एकटा सांभाळायचो. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या लोहारकाम, भात्यासमोर वाढलेला माणूस. लोखंड तापलं की कसं वागतं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अशा माणसाला मी चार लोकांसमोर म्हणालो की तुमच्या हाताची घाण माझ्या इंजिनात जाते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या वाक्यानंतरचं आहे. दोष त्याच्या हातात होता की नव्हता, एवढंच मला शोधून काढायचं होतं. आणि खरं सांगायचं तर शोधताना रोज वाटायचं, देवा, तो त्याच्याच हातात सापडू दे.

गाडी किन्हीराजाच्या एका तरुणाची होती. घरची शेती, पण हा नोकरीला अकोल्यात, रोज जाऊन-येऊन. जुनी दणकट डिझेल गाडी घेतली होती आणि तिच्यात त्याचा जीव. ती अजून पळायला हवी, असं त्याच्या डोक्यात होतं. माझ्याही हाताला खाज होतीच. मी तिला मोठा टर्बो बसवला, हवा थंड करणारा इंटरकूलर बदलला, सायलेन्सरचा पाइप रुंद केला, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग पुण्याच्या एका ट्यूनिंगवाल्याकडून बदलून घेतली. जिल्ह्यात असं काम कुणीच केलेलं नाही, हे मी चहाच्या टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांना सांगत फिरलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. एक पंखा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, दुसरा त्याच्यासोबत फिरून इंजिनात हवा कोंबतो. दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि तो टेकलेला असतो नुसत्या तेलाच्या पातळ थरावर. तेल पोचलं तर तो वर्षानुवर्षं चालतो. तेल अडलं की दांडा ढिला होतो, शिट्टीचा सूर फाटतो, मागून निळा धूर निघतो आणि चढावर गाडीचा दम संपतो. तेल टर्बोपर्यंत नेणारा पाइप पेन्सिलीएवढा, आणि त्याच्या टोकाच्या बोल्टचं भोक तर तांदूळ अडकेल इतकं बारीक.

पहिला टर्बो दीड महिन्यात गेला. मी म्हणालो, माल खराब निघाला, होतं असं. दुसरा गेला तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मळणीयंत्रं कुटार उडवत होती. गाडीला हौसेनं उघडा फिल्टर लावलेला, त्याच्यावर कुटाराचा भुसा बोटभर साचलेला. सापडला चोर, असं वाटून मला इतका आनंद झाला की मी त्या तरुणाला चहा पाजला. फिल्टरला बंद डबा करून दिला. भाई मात्र तो निघालेला टर्बो उन्हात धरून बघत बसला होता. पंख्याची पाती शाबूत आहेत, भुसा आत गेला असता तर पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या असत्या, एवढंच तो म्हणाला. मी ऐकलं नाही. एकदा चोर सापडला की पुन्हा शोधायला कोण जातं.

प्रत्येक वेळी काम झालं की ट्रायल ठरलेली. मेडशीवरून घाट उतरायचा, पातूरच्या अलीकडून गाडी वळवायची, आणि पूर्ण दाबून घाट चढायचा. टर्बोचा कस लावायचा तर चढच पाहिजे. चालवायला मी, शेजारी गिऱ्हाईक, मागच्या सीटवर भाई कान देऊन. तिन्ही ट्रायली झकास झाल्या. तिन्ही वेळा गाडी घाट असा चढून आली की त्या तरुणानं माझ्या पाठीवर थाप मारली.

तिसरा गेला तेव्हा तो तरुण एकटा आला नाही. सोबत त्याचे काका होते आणि आणखी दोघं, तोंडानं काही न बोलता सगळं बोलणारे. त्यांच्यासमोर मी तेलाचा पाइप सोडला. टोकाच्या बोल्टचं भोक काळं झालेलं. सुईनं टोकरलं तर मोहरीएवढा कोळशाचा कण माझ्या तळहातावर पडला. मी भाईला विचारलं, पाइप जुनाच लावला होता का. तो म्हणाला, नवा लावला, धुऊन, हवा मारून. त्यानं तो कण बोटांत घेतला, चुरगळला, नाकाशी नेला.

"भाऊ, हा बाहेरून नाई आला," तो म्हणाला. "हा इथंच तयार होऊन राह्यला."

"इथंच? मंग कोन तयार करून राह्यलं, मी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या तरुणाकडे, त्याच्या काकांकडे पाहिलं. आणि खाली बघून गप्प बसला. बोलला असता तर मी वाद घातला असता आणि वादात कदाचित काही निघालंही असतं. पण तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचा मी मला सोयीचा अर्थ लावला. हाताच्या घाणीचं ते वाक्य मी तेव्हा बोललो. मोठ्यानं बोललो, म्हणजे काकांना नीट ऐकू जावं. भाईनं हात धुतले, पुसले, स्वतःचा पान्यांचा सेट फडक्यात गुंडाळला आणि सायकलवर बसून निघून गेला. माझी इभ्रत तेवढ्यापुरती वाचली.

मालेगाव केवढंसं. आठ दिवसांत बातमी सगळ्या गॅरेजांत पोचली की त्याचा हात गेला, आता त्याला दिसत नाही, पाइप न धुताच लावतो. मी एक म्हणालो होतो, लोकांनी त्याचे पाच केले. दोन ठिकाणी तो काम मागायला गेला आणि दोन्हीकडे त्याला बघू म्हणाले. नंतर कळलं की तो आसेगावला भावाकडे राहायला गेलाय. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण राग त्याहून जास्त होता, आणि राग टिकवून ठेवणं मला गरजेचं होतं.

चौथा टर्बो मी स्वतः बसवला. कुणाला हात लावू दिला नाही. पाइप नवा, बोल्ट नवा, तांब्याची वॉशर नवी, तेल नवं, तेलाचा फिल्टर नवा. पाइप मी तीनदा धुतला आणि उजेडाकडे धरून त्यातून पलीकडचा विजेचा खांब पाहिला. इतकं जपून मी माझ्या मुलीच्या कानातले डूलही कधी बसवले नसतील. ट्रायल घेतली. झकास. घरी येऊन बायकोला म्हणालो, बघ, मी म्हणत होतो ना. ती म्हणाली, काय म्हणत होतात? मी म्हणत होतो ते तोंडानं उच्चारायला जड होतं.

तीन आठवड्यांनी तो तरुण गेटाशी गाडी लावून आत आला. तो रागावलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "भाऊ, पुन्हा तसाच आवाज येऊन राह्यला," एवढंच म्हणाला आणि बाकावर बसला. मी बोनेट उघडलं. शिट्टी फाटली होती. अजून धूर नव्हता, पण सूर तोच, ओळखीचा. पाइपाचा बोल्ट सोडला. आत काळं होतं. माझ्या हातानं धुतलेल्या, माझ्या हातानं लावलेल्या पाइपात तोच कोळसा.

चोर सोडून संन्याशाला फाशी. ही म्हण मी शाळेत घोकली होती, तिचा अर्थ त्या दुपारी कळला. तरी मन किती हलकट असतं पाहा. मी स्वतःला समजावलं की हा कोळसा त्याच्याच वेळचा असेल, आधीच्या कामात इंजिनात साचून राहिलेला, आता सुटून आला असेल. म्हणून मी इंजिनाचं चेंबर, म्हणजे तेल साठतं ती तळाची टाकी, खोललं. खाली आरसा धरून आत पाहिलं. चेंबर स्वच्छ होतं. भाईनंच ते शेवटचं धुतलं होतं, आणि त्याच्या तळाला बोट फिरवलं तर काळं लागेना. मी तिथंच गाडीखाली पडून राहिलो. बाहेर यावंसं वाटेना.

त्यानंतरचे दिवस मी धड जेवलो नाही की धड कुणाशी बोललो नाही. गॅरेजला दुसऱ्या गाड्या आल्या की मी त्या परत पाठवायचो. बायको म्हणाली, त्या मानसाले एक फोन लावा. मी तिच्यावर खेकसलो. फोन लावून काय सांगणार होतो? तुमचा दोष नव्हता, पण कुणाचा होता ते मला माहीत नाही? असं अर्धवट तोंड घेऊन त्याच्यासमोर जायची माझी छाती होत नव्हती. दोष सापडला पाहिजे, मग जायचं. तोवर तो माणूस तिकडे आसेगावात माझ्या एका वाक्याखाली बसून आहे, हे मला रोज सकाळी शटर वर करताना आठवायचं.

त्या तरुणाची मी पोलिसासारखी चौकशी केली. टर्बोच्या गाडीचा पहिला नियम असा की दाबून चालवल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरत राहतं आणि तापलेला टर्बो हळूहळू निवतो. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो शपथ घेऊन म्हणाला की रोज पाळतो. घरी पोचल्यावर मोबाइलात वेळ लावून बसतो, आई ओरडते की कायले दारात धूर करून राह्यला. ऑफिसलाही तसंच. मधे कुठं थांबतोस? कुठंच नाही, सरळ घर. पोरगा खरं बोलत होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तोही रस्ता बंद झाला.

शेवटी पुण्याच्या ट्यूनिंगवाल्याला फोन केला. त्यानं गाडीत एक छोटं यंत्र लावायला सांगितलं होतं, ते किल्ली फिरवली की तापमान, हवेचा दाब, वेग असं सगळं मोबाइलात नोंदवत जातं. त्या सगळ्या फाइली त्यानं मागवल्या. त्या तरुणाच्या रोजच्या येण्या-जाण्याच्या, आणि माझ्या ट्रायलीचीही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज कोवळा, माझ्या निम्म्या वयाचा असावा.

"काका, तुमच्या एका ट्रिपच्या दोन-दोन फाइली का आहेत? मध्ये गाडी बंद करता का?"

मी म्हणालो, घाटात कोण गाडी बंद करतं बाबा, वायर ढिली असेल. त्यानं फाइलींचे फोटो मोबाइलवर पाठवून दाखवले. पहिल्या फाइलीत तापमानाची रेघ घाटात चढत जाते, चढत जाते, आणि सगळ्यात वर पोचली की तुटते. मिनिटभरानं दुसरी फाइल सुरू. संध्याकाळच्या प्रत्येक ट्रिपला असंच, आणि माझ्या ट्रायलीतही असंच. मी दोन दिवस वायरिंग सोडत बसलो. डॅशबोर्ड उघडून सगळा पसारा सीटवर आणला, एकेक जोड तपासला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वायर एकही ढिली नव्हती.

मग मी एकटाच गाडी घेऊन निघालो. चौथा टर्बो कण्हत का होईना फिरत होता, आणि मला फक्त रेघ कुठं तुटते ते डोळ्यांनी बघायचं होतं. मोबाइल समोर लावला. घाट उतरलो, वळलो, चढायला लागलो. आकडा वाढत होता, रेघ अखंड होती. शेवटचं वळण गेलं, चढ संपला, आणि गाडी एकदम गप्प झाली. मला वाटलं, गेली. मग खाली पाहिलं तर किल्ली फिरवलेली होती आणि माझा हात अजून तिच्यावरच होता. दुसरा हात कपाळाकडे निघाला होता.

घाट संपतो तिथं देवाचं ठाणं आहे. हे मी इथवर सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं. आमच्याकडचा प्रत्येक गाडीवाला तिथं क्षणभर थांबतो. देवासमोर इंजिन चालू ठेवत नाहीत, बंद करायचं, हात जोडायचे, मग पुढं. मी गाडी शिकलो तेव्हापासून हे करतोय. जुने ट्रक घाट चढून आले की त्यांच्या रेडिएटरमधून वाफा निघायच्या, त्यांना तिथं बंद करून निववणं बरोबरच होतं. ज्यानं ही रीत घातली त्यानं देवाचा मान राखला आणि इंजिनाचंही भलं पाहिलं. पण टर्बोचं उलटं आहे. घाट चढून तो लालबुंद झालेला असतो आणि त्याच वेळी आपण किल्ली फिरवतो. तेल जागच्या जागी थांबतं, जळतं आणि त्याचा कोळसा होतो. तो तरुण रोज संध्याकाळी हेच करत होता, आणि मधे कुठं थांबतोस विचारलं तर कुठंच नाही म्हणत होता. हात जोडायला थांबणं म्हणजे थांबणं, असं आमच्यात कुणीच धरत नाही. मीही धरत नव्हतो. नवा टर्बो बसवला की पहिला कोळसा मीच तिथं तयार करत होतो, आणि वर देवाला म्हणत होतो की एवढं काम टिकू दे.

मी तिथं स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. मग गाडी चालू करून दोन मिनिटं तशीच ठेवली आणि चालू गाडीत हात जोडले. देवाचं काही म्हणणं नसावं. दिवसभर घाट चढणाऱ्या इंजिनांचा आवाज त्याच्या कानाशीच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसेगावला गेलो. तुरीवर फवारणीचे दिवस होते. भावाच्या घरासमोर टिनाच्या सावलीत भाई फवारणीचा पंप खोलून बसला होता. बाजूला आणखी तीन-चार पंप दुरुस्तीसाठी ओळीनं ठेवलेले. मला पाहून उठला, खुर्ची आणली, आत चहा सांगितला. मी खुर्चीवर बसलो नाही, त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पाइप, चेंबर, दोन फाइली, किल्ली. मालेगावात प्रत्येक गॅरेजात जाऊन मी स्वतः सांगीन की चूक माझी होती, हेही सांगितलं. तो ऐकत होता आणि पंपाचा नट कसत होता.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या ट्रायलीलाच त्याच्या ध्यानात आलं होतं, म्हणाला. मागं बसून इंजिन बंद केल्याचं ऐकलं, आणि त्यानंतर तापलेल्या लोखंडाचं टिक-टिक ऐकलं. तेल जळाल्याचा वास आला. तिसऱ्या वेळी तर त्याची खात्रीच होती.

"मंग काहून नाई सांगितलं, भाई? बावीस वर्ष झाले आपल्याले."

त्यानं पाना खाली ठेवला.

"तुमी तिथं देवासमोर हात जोडून राह्यता, भाऊ. बाजूले गिऱ्हाईक बसलं. त्या दिवशी त्याचे काका उभे होते. आन् मी म्हनू, का इथं गाडी बंद करू नका? माह्या तोंडून ते कसं आयकू आलं असतं?"

मी म्हणालो, मी तसा माणूस आहे का. तो म्हणाला, तुमी नाई. पुढं काहीतरी म्हणणार होता, पण तेवढ्यात चहा आला आणि ते राहून गेलं. आम्ही चहा प्यालो. त्या दिवशी गॅरेजात त्यानं आधी माझ्याकडे आणि मग त्या लोकांकडे पाहिलं होतं, ते का, हे मला तिथं बसून कळलं. माझं म्हणणं खोटं पाडायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य बोलण्यापेक्षा त्याला स्वतःचं नाव घालवणं कमी धोक्याचं वाटलं होतं, आणि माझ्यासोबत बावीस वर्षं काढूनही वाटलं होतं.

मी त्याला म्हणालो, परत चला. पाचवा टर्बो तुमीच बसवा. आणि ट्रायलीला मागं नका बसू, माझ्या शेजारी बसा. घाटावर माझा हात किल्लीकडे गेला तर सगळ्यांसमोर सांगा, का बंद करू नका.

त्यानं पंपाच्या नळीतलं पाणी झटकलं.

"सांगीन," तो म्हणाला. "गाडीत तुमी एकटेच असान तं."

मी हो म्हणालो.